नेटवर्क रीसेट करावं की एपीएन हाताने दुरुस्त करावं?

विमान मोड चालू-बंद करून झाला, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, सिम काढून पुसून परत बसवलं, पॅक संपलेला नाही याचीही खात्री केली. तरी वर 4जीची खूण दिसते आणि नेट चालत नाही. इथवर आलेल्या माणसापुढे दोन रस्ते उरतात. सरसकट ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ मारायचं, नाहीतर एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या इंटरनेटला जोडण्यासाठी फोनमध्ये साठवलेली नोंद, उघडून तेवढंच नीट करायचं. बाबांच्या एकाच फोनवर मी दोन्ही करून पाहिलंय.

रीसेट लोकांना का आवडतं ते मला समजतं. नेमकं काय बिघडलंय हे शोधावं लागत नाही. दोनदा होकार दिला की मिनिटभरात काम होतं. गावाकडच्या माणसाला फोनवरून सांगायचं असेल तर हेच सोपं पडतं.

पण त्यासोबत काय काय जातं ते आधी पाहून घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत वायफाय, मोबाइल आणि ब्लूटूथ या तिन्हींचं रीसेट एकाच बटणात असतं. आयफोनमध्येही साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात.

दिवाळीत रत्नागिरीजवळच्या घरी मी बाबांच्या फोनवर ते बटण दाबलं. नेट आलं आणि मी रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो. सकाळी आईचा फोन आला, “अरे, यांना फोनवरचं काहीच ऐकू येत नाहीये.” बाबांचं कानाचं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडलेलं असतं. ती जोडणीच पुसली गेली होती. यंत्र बंद करून चालू करायचं, मग यादीत त्याचं नाव येईपर्यंत थांबायचं, आधी डावं, मग उजवं. आईला हे सगळं फोनवरून सांगण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि तेवढे दिवस बाबा माझ्याशी बोलू शकले नाहीत. घरच्या वायफायचा पासवर्ड जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला होता, ते कधीच रद्दीत गेलं होतं. मोबाइल डेटा दुरुस्त करायला गेलो आणि चालू असलेल्या दोन गोष्टी बंद पाडून आलो, हे मला फार लागलं.

शिमग्याला गेलो तेव्हा नेट पुन्हा अडलेलं. मधल्या काळात बाबांनी बाजारात कुणाला तरी फोन दाखवला होता आणि त्याने एपीएनची एक नवी नोंद घालून दिली होती. नावातलं एक अक्षर गळलेलं, आणि निवडलेली नोंद तीच. या वेळी मी एपीएनच्या यादीत गेलो, वरचे तीन ठिपके दाबले आणि तिथलंच ‘डीफॉल्टवर रीसेट करा’ निवडलं. फक्त एपीएनची यादी मूळपदावर आली. यंत्र, वायफाय, सगळं जागच्या जागी राहिलं.

हातानेच भरायचं झालं तर जिओचं ‘जिओनेट’, बीएसएनएलचं ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलचं ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. ही नावं इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची. वरच्या ‘नाव’ या रकान्यात काहीही चालतं, बरोबर हवं ते ‘एपीएन’च्या रकान्यात. एमसीसी आणि एमएनसी हे देश आणि कंपनी ओळखायचे आकडे बदलू नका, नाहीतर जतन केलेली नोंद यादीतून दिसेनाशी होते. जतन केल्यावर त्या नोंदीसमोरचा गोल निवडायला बरेच जण विसरतात.

अर्थात एपीएन प्रत्येक दुखण्यावर चालत नाही. कॉल लागतात पण नेट नाही, असं असेल तर माझा पहिला संशय एपीएनवरच जातो. कॉलही लागत नसतील, रेंजच नसेल, तर तिथे वेळ घालवू नये. आधी नेटवर्कची निवड ‘आपोआप’वर आहे का पाहावं, आणि तेही करून झालं तर रीसेटला माझी ना नाही. आयफोनवर काही सिमना एपीएनचा रकाना दिसतच नाही, तिथेही बहुधा रीसेटच करावं लागतं. फक्त त्याआधी वायफायचा क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा, आणि ई-सिम असेल तर ते पुसण्याची खूण चुकून लागलेली नाही ना, तेवढं बघा.

तुमच्या फोनला ब्लूटूथचं काही जोडलेलं नसेल आणि पासवर्ड पाठ असतील, तर कदाचित तुम्हाला रीसेटच बरं वाटेल. मी मात्र आधी एपीएन उघडतो. बाबांच्या फोनच्या कव्हरात आता एक चिठ्ठी आहे, वर एपीएन, खाली वायफायचा पासवर्ड.