‘शंभर टक्के हाताने लिहिलेला कोड’ म्हणून विकलेली वेबसाइट

कोटेशनमध्ये ओळ होती: ‘संपूर्ण कस्टम कोडिंग, कुठलंही टेम्प्लेट नाही.’ दर ८५,००० रुपये, निम्मे आगाऊ. घेणारे कुटुंब घरगुती मसाले विकणारे. पाच पानं, चौदा मसाल्यांची यादी, ऑर्डरचा फॉर्म, एवढीच मागणी. हाती आलं ते वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार प्रणालीवरचं टेम्प्लेट, म्हणजे आधीच आखलेला साचा; एलिमेंटॉर या तिच्या जोड-साधनात माउसने ओढून फोटो आणि मजकूर बदललेलं. हे कळलं आठ महिन्यांनी, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बदलायचं ठरलं तेव्हा.

एलिमेंटॉर, विक्स, वेबफ्लो अशी कोड न लिहिता साइट बनवायची साधनं वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे. पाच पानांच्या साइटला हाताने कोड लिहायची बहुधा गरजही नसते, आणि कोणी सरळ ‘वर्डप्रेसवर करून देतो’ म्हणून योग्य पैसे घेतले तर तक्रार कसली? इथे दोन-तीन दिवसांचं काम महिन्याभराच्या कोडिंगच्या भावाने खपवलं आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. मसालेवाल्यांना लॉगिन दिलं होतं, पण ‘एडिटर’ या दर्जाचं. वर्डप्रेसमध्ये एडिटरला प्लगिनची, म्हणजे वरून बसवलेल्या जोड-प्रोग्रॅमची, यादी दिसतच नाही. म्हणजे आत काय बसवलंय हे त्यांना कळायला वावच नव्हता.

सोर्स कोड मागितला तेव्हा एक झिप फाइल आली. त्यात पाच एचटीएमएल पानं आणि प्रत्येकाच्या जोडीला एक फोल्डर. नवीन होस्टिंगवर पानं दिसली, फॉर्म मात्र मुका. कारण पहिल्या दोन-तीन ओळींतच होतं: ‘सेव्ह्ड फ्रॉम यूआरएल’ अशी कॉमेंट. क्रोममधून चालू पान सेव्ह केलं की ब्राउझर ही ओळ आपणहून टाकतो. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा पीएचपी कोड नाही. थोडक्यात, साइटचा फोटो काढून साइट म्हणून दिला होता.

हे पहिल्याच दिवशी तपासता आलं असतं, आणि त्याला कोडिंग यावं लागत नाही. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, पानाचा सोर्स कोड दिसतो. फाइलींच्या पत्त्यांत रोमन लिपीत ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ दिसलं तर वर्डप्रेस. चित्रांच्या पत्त्यात ‘विक्सस्टॅटिक’ असेल तर विक्स. वेबफ्लो तर अगदी वरच्या एचटीएमएल टॅगवरच ‘डेटा-डब्ल्यूएफ-साइट’ लिहितं. सोर्स जवळजवळ रिकामा दिसला तर लगेच संशय घेऊ नका. रिअ‍ॅक्टसारख्या पद्धतीत पान ब्राउझरमध्येच तयार होतं, तिथे राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’मध्ये बघा.

या साइटवरचं ‘आमचे मसाले’ हे शीर्षक घ्या. हाताने लिहिलं तर शीर्षकाच्या एका एच२ टॅगची एक ओळ. इथे ती सेक्शन, कंटेनर, कॉलम, विजेट-रॅप, एलिमेंट, विजेट-कंटेनर अशी डब्यात डबा करत सहा डब्यांत बंद होती, आणि प्रत्येक डब्याच्या क्लासच्या, म्हणजे मांडणीसाठी दिलेल्या खुणेच्या, नावात ‘एलिमेंटॉर’. (नव्या आवृत्त्यांत डबे कमी झालेत, नावं बहुतेक तीच.) काही जण प्लगिन लावून फोल्डरची नावं बदलतात, साइट कशात बनली हे सांगणारा जनरेटरचा मेटा टॅग काढतात. क्लासच्या नावांना सहसा कोणी हात लावत नाही, कारण ती बदलली की सगळी मांडणी विस्कटते.

उलट बाजूही आहे. कुठल्याच साइट बनवायच्या साधनाची खूण नाही म्हणून कोड हाताने लिहिलाय असं होत नाही. विकत घेतलेलं एचटीएमएल टेम्प्लेटही असंच दिसतं. म्हणून गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास मागा. महिनाभर लिहिलेल्या कोडमध्ये लहानलहान कमिट (बदलांच्या नोंदी) वेगवेगळ्या तारखांना पडलेले असतात. सगळं एकाच कमिटमध्ये आलं असेल तर विचारा, का. याहून सोपं म्हणजे स्क्रीन शेअर करायला लावून सांगा, ‘हे बटण हिरवं करून दाखवा.’ समोरचा कोड एडिटर उघडतो की डावीकडे रंगांचं पॅनल, अर्ध्या मिनिटात कळतं.

सगळ्यात धोक्याचं पुढेच होतं. एलिमेंटॉर प्रो, म्हणजे एलिमेंटॉरची विकतची आवृत्ती, चोरीची होती, लायसन्सची तपासणी काढून टाकलेली. अशा कॉपीला अधिकृत अपडेट मिळत नाहीत, आणि बऱ्याचदा आत चोरदरवाजा ठेवलेला असतो. २०२३ मध्ये एलिमेंटॉर प्रोच्या ३.११.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत मोठी त्रुटी सापडली: सोबत वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन चालू असेल तर साधा ग्राहक म्हणून लॉगिन केलेला माणूसही साइटच्या सेटिंग बदलू शकत होता. ३.११.७ मध्ये ती बुजवली. लायसन्सवाल्यांना एका क्लिकमध्ये अपडेट मिळालं. चोरीच्या कॉपीवाल्यांसाठी भोक उघडंच.

बाहेर पडायचा रस्ता कोणत्या साधनात किती आहे हेही पैसे देण्याआधी विचारायचं. विक्सची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वेबफ्लो पैसे भरलेल्या प्लॅनवर कोड देतं, पण बाहेर नेल्यावर त्यांचे फॉर्म आणि सीएमएस (मजकूर भरायची व्यवस्था) चालत नाहीत. वर्डप्रेस पूर्ण हलवता येतं, मात्र त्यासाठी अ‍ॅडमिन लॉगिन, सगळ्या फाइली आणि डेटाबेसचं एक्सपोर्ट हे तिन्ही हातात हवं.

करारात एक ओळ हमखास राहून जाते. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही लिहून घ्या. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या कार्डाने घ्या. डेव्हलपरने आपल्या नावावर घेतलं असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा कोड, मागा. डॉट कॉम मात्र नोंदणीनंतर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवता येत नाही, ते हिशेबात धरा.

मसालेवाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. फोटो आणि मजकूर त्यांचाच होता, तेवढा उरला. नवं डोमेन घ्यावं लागलं, आणि मसाल्याच्या पाकिटांवर छापून झालेल्या जुन्या पत्त्यावर आता घरची मंडळी बसून स्टिकर चिकटवताहेत.