इंटरडेंटल ब्रश: काही महिने वापरल्यानंतर

अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं, तर मागच्या दाढांपाशी हिरड्यांचे खिसे, म्हणजे दात आणि हिरडी यांमधली फट, पाच-सहा मिलिमीटर खोल! तीनपर्यंत ठीक धरतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवूनच डीप क्लीनिंग (हिरडीखालची सफाई) झालं आणि रोज रात्री दातांमधल्या फटींत घालायचा हा बारीक ब्रश वापरायचा असं ठरलं.

खरी मेख मापात आहे. मी आधी सगळीकडे ०.६ मिलिमीटरचा घातला, पुढच्या दातांत तार वाकली, हिरडी दुखली. आता पुढे ०.४ आणि दाढांना ०.६. ब्रश किंचित अडकत आत जायला हवा, जोर लावायचा नाही. पहिले काही दिवस रक्त आलं आणि ब्रशला घाण वास यायचा. तो वास गेला तसं रक्तही थांबलं. परवाच्या तपासणीत बहुतेक खिसे तीन-चारवर आले होते. फक्त एक अक्कलदाढ अजून हटून बसली आहे.

हिरड्यांचा हृदयाशी काय संबंध म्हणाल, तर खिशात ऑक्सिजन फारसा नसतो, तिथेच पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारखे जिवाणू पोसतात. सुजलेल्या हिरडीतून ते रक्तात उतरतात. धमन्यांमधून काढलेल्या चरबीच्या थरांत त्यांचा डीएनए सापडला आहे. २००७ मध्ये १२० रुग्णांवरच्या चाचणीत हिरड्यांच्या कसून उपचारांनंतर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचं काम सुधारलेलं दिसलं. पण त्याने हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ मध्ये संबंध मान्य केला, कारण म्हणून नाही. त्यामुळे पाकिटावर ‘हृदयासाठी’ असं छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका.

या जिवाणूविरुद्धची लस २००४ मध्ये उंदरांना टोचली, तेव्हा संसर्गाने वाढणारा धमनीकाठिण्याचा (धमन्यांत चरबीचे थर साचण्याचा) वेग आटोक्यात राहिला. माणसांसाठी अशी लस बाजारात नाही. फ्लूची मात्र आहे, आणि २०२१च्या चाचणीत हार्ट अटॅकनंतर लगेच ती घेतलेल्यांत वर्षभरातले मृत्यू कमी होते. स्टेंट बसलेल्या प्रत्येकाने डॉक्टरांना तिच्याबद्दल आवर्जून विचारावं. मी पावसाळ्याआधीच घेतली.

ब्रश आठवडाभर टिकतो, केस झडले की टाकायचा. दात दाटीवाटीचे असतील तर हा घेऊ नका, फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) बरा.