मायाबाजार: पडद्यावर बघावा की सुरभीच्या रंगमंचावर?

तेलुगू कथाकथनाची ओळख करून घ्यायची तर ‘मायाबाजार’पासून सुरुवात करा, असं हैदराबादेत कुणीही सांगेल. प्रश्न त्यापुढचा आहे. के. व्ही. रेड्डींचा १९५७चा चित्रपट आधी बघायचा, की ‘सुरभी’ या जुन्या तेलुगू नाटक मंडळीचं त्याच कथेवरचं नाटक? मी दोन्ही पाहिलेत. कथा आपल्याला परकी नाही. आपली वत्सला किंवा सुरेखा तिकडे शशिरेखा असते, आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्येच ‘सुरेखाहरण’ काढला होता.

चित्रपटाची बाजू भक्कम आहे. अभिमन्यूच्या लग्नाची गोष्ट, पण पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत, आणि तीन तासांत त्यांची उणीवही भासत नाही. पटकथेची ही हिंमत मला आजही थक्क करते. घटोत्कच शशिरेखेचं रूप घेतो त्यानंतरची, शशिरेखा साकारणारी सावित्री बघाच. भुवई उडवणं, मध्येच पुरुषी दमदार पावलं टाकणं, अंगात घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव शिरलेत असंच वाटतं. रंगमंचावर हे इतकं बारीक जमेल असं मला वाटत नाही.

पण पद्यांचं काय? तेलुगू पौराणिक नाट्य निम्मं तरी वृत्तबद्ध पद्यांत असतं. पात्राला चीड आली, गर्व चढला, की ते पद्य गाणार. मी पाहिलेल्या प्रतींत नेमकं पद्य सुरू झालं की खालच्या इंग्रजी ओळी गायब. माधवपेद्दी सत्यम घटोत्कचासाठी खड्या आवाजात गातायत आणि आपण कोरडेच. २०१०ची रंगीत आवृत्ती तर मुळापेक्षा आखूड आहे. हे एकदा खटकलं की दर वेळी खटकत राहतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

सुरभीच्या प्रयोगात तरी शब्द कुठे कळतात, असं म्हणाल. कबूल. पण तिथे नट पुढे येतो, हार्मोनियम सूर धरते, शेवटची ओळ आलापात लांबत जाते आणि प्रेक्षागृहातून वन्समोअर येतो. संगीत नाटकांवर कान तयार झालेल्याला पद्य कुठे चढलं आणि कुठे वळलं, हे शब्दांवाचूनही कळतं. शिवाय धूर, आग, हवेतून उतरणारी पात्रं, बाणांची टक्कर हे सगळं डोळ्यांदेखत घडतं.

आणि ही माणसं आपल्याला अगदीच दूरची नाहीत. १८८५ मध्ये कडप्पा भागातल्या सुरभी गावी वनारस गोविंदरावांनी ही मंडळी उभी केली. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या या कुटुंबांचं मूळ मराठी. इतर मंडळ्यांत पुरुष स्त्रीवेष घेत, तेव्हा इथे घरातल्या बायकाच स्त्रीभूमिका करत. तेलुगू बोलपटाची पहिली नायिका सुरभी कमलाबाई, ती याच परंपरेतली.

ज्याला मुख्यतः अभिनय बघायचाय, त्याने चित्रपटच बघावा, माझी हरकत नाही. मात्र कृष्णधवल आणि पूर्ण लांबीची प्रत शोधा. तो घरी कधीही बघता येतो. सुरभीचे प्रयोग काही रोज नसतात, म्हणून हैदराबादचं तिकीट काढण्याआधी त्यांच्या तारखा विचारून घ्या.