सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण: दिवाळी ते आखाजी

दुर्बीण घेताना जो तो एकच विचारतो, किती पट मोठं दिसतं? दिवाळीला घेतलेली सहा इंची डॉबसोनियन (सहा इंच आरशाची, साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, वापरून माझं मत पक्कं झालंय: नवख्यानं आधी विचारायचं ते वेगळंच. डोळा लावल्यावर आभाळाचा केवढा तुकडा दिसतो? यालाच दृष्टिक्षेत्र म्हणतात.

माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिलिमीटर. सोबत 25 आणि 10 मिलिमीटरचे, प्लॉसल जातीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, आले. 1200 ला 25 नं भागलं की 48 पट. प्लॉसलचं स्वतःचं दृष्टिक्षेत्र (डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) साधारण 52 अंश धरतात. त्याला 48 नं भागलं की 1.08 अंश. एवढंच आभाळ दिसणार. 10 च्या आयपीसनं 120 पट मिळतात, पण दिसतो जेमतेम 0.43 अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश भरतो, म्हणजे 10 मध्ये तो अख्खा मावतच नाही.

हा हिशोब आभाळावर तपासता येतो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्यानंच दिला. खगोलीय विषुववृत्तावरचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आभाळात मानलेल्या वर्तुळावरचा) तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा, मिंटाका, जवळजवळ त्या वृत्तावरच आहे. तो कडेच्या जरा बाहेर ठेवायचा आणि दुर्बिणीला हात लावायचा नाही. आत शिरला की मोबाइलचं घड्याळ सुरू, मधोमध जाऊन पलीकडून बाहेर पडला की बंद. माझ्या 25 ला 4 मिनिटं 13 सेकंद लागले, म्हणजे 1.05 अंश. 52 हा आकडा ढोबळ असल्यानं एवढा फरक येतोच. वहीत मोजलेला आकडाच लिहावा. मात्र ध्रुवाकडचे तारे हळू सरकतात. वसिष्ठाला तेवढंच अंतर कापायला पावणेदोन पट वेळ लागतो. वसिष्ठ आणि अरुंधतीत 0.2 अंशाचं अंतर आहे, 10 च्या वर्तुळात ते जवळजवळ अर्ध्या व्यासाएवढं दिसतं.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या मुलखातल्या प्रत्येक पोराला हे दोन भागाकार यावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता काय मावतं ते. मृगातला तेजोमेघ 25 मध्ये छान बसतो. कृत्तिका पावणेदोन-दोन अंश पसरलेल्या, त्या बसत नाहीत. त्यांच्यासाठी 10×50 ची (10 पट, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री उत्तम. देवयानी दीर्घिका तीन अंशांची, तिचा फक्त गाभा दिसतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे, आभाळ चांगलं मिळतं. दक्षिणेला मात्र जळगावचा उजेड चढतो. केळीच्या बागांना पाणी दिलेलं असलं की थंडीत आयपीसवर दव धरतं, कोरडं फडकं जवळ हवंच. चैत्र-वैशाखात तापलेल्या खोलीतून दुर्बीण काढली की आरसा निवेपर्यंत ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे हलतात. तासभर आधी बाहेर ठेवा.

मळ्यातली पोरं जमली की रांग लागते. "आप्पा, हाई काय शे?" गुरू 10 मध्ये लावला तर पावणेदोन मिनिटांत निसटतो, दोघांचंही बघून होत नाही. 25 मध्ये चारही चंद्र दिसतात आणि चार मिनिटं हाताशी असतात. रांगेला 25 च लावा, 10 एकट्यासाठी राखा.

तक्रारी थोड्या. नळी जवळजवळ चार फुटी आणि बैठक जड, मोटारसायकलवर नेता येत नाही. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) प्रवासात हलतो, दर वेळी जुळवावा लागतो. आरशाबद्दल मात्र बोलायला जागा नाही.

पुढे मी 32 चा प्लॉसलही घेतला. सव्वा इंची आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाची कड ठरवणारी आतली कडी साधारण 27 मिलिमीटरपेक्षा मोठी बसत नाही. 27 भागिले 1200 गुणिले 57.3 (यानं उत्तर अंशांत येतं) केलं की 1.29 अंश. या दुर्बिणीची कमाल मर्यादा तीच. चंद्र, ग्रह, जोडतारे यांची ओढ असेल तर हीच घ्या. कृत्तिका अख्ख्या हव्या असतील तर 650 मिलिमीटर नाभीय अंतराची बघा. त्याच 32 च्या आयपीसनं तिच्यात 2.4 अंश मावतात.