अनुवादाच्या वर्गात समाजशास्त्र : आठ महिने शिकवून पाहिल्यावर

गेल्या जुलैपासून आमच्या एम.ए.च्या अनुवाद अभ्यासक्रमात मी समाजशास्त्र शिकवते आहे. कागदावर विषय ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ असा आहे. त्याला आठवड्याला चार तास मिळतात, त्यातले दोन मी समाजशास्त्राला दिले. वर्ग कोल्हापुरातला, मुलं बावीस. बहुतेकांनी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. केलेलं. दोघी जर्मन शिकलेल्या आहेत आणि तिघं निपाणी-चिकोडीकडची, घरात मराठी-कानडी दोन्ही बोलणारी. समाजशास्त्राचं पुस्तक आधी कुणीच उघडलं नव्हतं. मीही मूळची अनुवादाचीच. हा विषय मी वाचून वाचून शिकले. दुसऱ्या कॉलेजांतले सहकारी विचारतात, उपयोग होतो का, किती वेळ जातो, काय घ्यायचं आणि काय सोडायचं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

पहिले सहा आठवडे वाया गेले, हे आधी सांगते. मी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने गेले: समाजशास्त्राची व्याख्या, ऑग्यूस्त काँत, दर्जा आणि भूमिका, प्रमाणके, सामाजीकरण, स्तरीकरण. मुलांनी नीट वह्या भरल्या. चाचणीत ‘अर्पित दर्जा’ आणि ‘अर्जित दर्जा’ यांतला फरक निम्म्यांनी उलटा लिहिला, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. एका अक्षराच्या फरकावर उभे असलेले दोन पारिभाषिक शब्द परीक्षेच्या घाईत कुणाचेही उलटे होतील. आता मी सरळ ‘जन्माने मिळालेला’ आणि ‘स्वतः कमावलेला’ असंच म्हणते. खरी अडचण वेगळी होती. अनुवादाच्या तासाला यातलं काहीच दिसत नव्हतं. समाजशास्त्र एका वहीत, अनुवाद दुसऱ्या वहीत.

वळण लागलं ते एका सरावाच्या उताऱ्यामुळे. आरोग्याविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची होती. त्यात प्रश्न होता, तुमच्या कम्युनिटीत कुणी आजारी पडलं तर मदतीला कोण येतं? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ‘तुमच्या समाजात कुणी आजारी पडलं तर…’ व्याकरणाने निर्दोष वाक्य. मी म्हटलं, चला, हा प्रश्न बाहेर जाऊन विचारून बघू. कँटीनमधल्या मावशींना विचारला, तर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्या समाजाचं मंडळ हाय की, ते बघतंय.” त्यांनी आपल्या जातीचं मंडळ सांगितलं. प्रश्न होता शेजारपाजाऱ्यांबद्दल.

त्या दिवशी वर्गात दोन तास एकाच शब्दावर गेले. मराठीत ‘समाज’ म्हणजे सोसायटी, आणि ‘आमचा समाज’ म्हणजे जात. ‘सोसायटी’ म्हणावं तर शहरात ती फ्लॅटची, गावाकडे पीककर्ज देणारी. “सोसायटी भागवली का?” असं गडहिंग्लजचा शेतकरी विचारतो तेव्हा तो कर्जाबद्दल बोलत असतो. ‘समुदाय’ कागदावर बरा दिसतो, पण तोंडात कुणाच्याच नसतो. मग मी जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनिस काढला. 1887 साली त्याने जर्मनमध्ये दोन शब्द समोरासमोर उभे केले, गेमाइनशाफ्ट आणि गेझेलशाफ्ट: एक जिव्हाळ्याने, नात्याने, वस्तीने बांधलेली माणसं, दुसरी करारमदार आणि हिशेब यांनी. यातल्या दुसऱ्या शब्दाला इंग्रजी अनुवादकांनी वेगवेगळ्या आवृत्त्यांत कधी सोसायटी, कधी असोसिएशन, कधी सिव्हिल सोसायटी केलं. हे ऐकल्यावर वर्ग सरसावून बसला. आपल्याला जिथे अडलं, तिथेच हे लोकही अडले होते!

तेव्हापासून माझी रीत बदलली, आणि या सगळ्या अनुभवातून मला सांगायचं आहे ते हेच. समाजशास्त्र आपल्याकडे अनुवादातून आलं आहे: जर्मन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. अनुवादाच्या विद्यार्थ्यांना ते सिद्धान्तांची यादी म्हणून देऊ नये. अनुवादकांच्या हातून गेलेले शब्द म्हणून त्यांच्यापुढे ठेवावं. संकल्पना मग त्यांना वेगळी पाठ करावी लागत नाही. शब्द तपासता तपासता ती कळत जाते.

सगळ्यात चांगला चालला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर. भांडवलशाही आणि प्रॉटेस्टंट नीतीवरचा त्याचा निबंध 1904-05 मधला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सने 1930 मध्ये तो इंग्रजीत आणला आणि आधुनिक माणूस ज्या अर्थव्यवस्थेत अडकतो तिच्यासाठी वेबरने वापरलेल्या शब्दप्रयोगाला ‘आयर्न केज’, लोखंडी पिंजरा केलं. जगभर वेबर त्या पिंजऱ्यासकट ओळखला जातो. मूळ जर्मनमध्ये मात्र आहे ‘श्टालहार्टेस गेहॉयझं’. आमच्या दोन जर्मनवाल्या मुलींनी शब्दकोश उघडला: गेहॉयझं म्हणजे घड्याळाची डबी, यंत्राचं आवरण, गोगलगाईचा शंख. पिंजरा नव्हे. 2002 मध्ये आलेल्या नव्या इंग्रजी अनुवादांनीही पिंजरा सोडून पोलादासारखं कठीण कवच, पोलादी आवरण असे शब्द घेतले.

मी विचारलं, फरक काय पडतो? निपाणीचा एक मुलगा म्हणाला, “पिंजऱ्यात कुणीतरी बाहेरून कोंडतं. शंख आपल्याच अंगावर वाढतो. पिंजऱ्यातनं सुटता येतं, शंखातनं निघालं तर गोगलगाय मरते.” वेबरला आधुनिक माणसाबद्दल जे म्हणायचं होतं त्याच्या इतकं जवळ जाणारं उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं. मग मराठी शब्दावर वाद झाला. ‘पोलादी कवच’ म्हटलं की कर्णाचं कवच आठवतं, ते संरक्षण करतं. ‘कोष’ म्हटलं की त्यातून फुलपाखरू बाहेर येईल अशी आशा आपोआप चिकटते. निकाल लागला नाही. तिसऱ्या दिवशीही एकीने नवा शब्द आणला होता.

नात्यांचा भाग मी इरावती कर्वे यांच्यापासून घेतला. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 चा. उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी महाराष्ट्र ठेवला आहे. हे नुसतं सांगितलं असतं तर सहा आठवड्यांसारखंच झालं असतं. मी एक इंग्रजी वाक्य दिलं, ‘तिने आपल्या कझिनशी लग्न केलं’, आणि मराठी करायला सांगितलं. आठ जणांनी ‘चुलतभाऊ’ लिहिलं, चौघांनी ‘मावसभाऊ’, बाकीच्यांनी ‘नात्यातल्या मुलाशी’ म्हणून सुटका करून घेतली. पहिली दोन उत्तरं मोठ्याने वाचल्याबरोबर वर्ग दचकला. मराठी वाचकाच्या कानाला चुलत आणि मावस भाऊ म्हणजे भाऊच. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न होतं, म्हणजे मुलीच्या बाजूने नवरा तिचा आतेभाऊ. तिथे ‘आतेभाऊ’ लिहिलं तर लग्न साधं वाटतं, ‘मावसभाऊ’ लिहिलं तर पाप. इंग्रजी वाक्यात यातलं काहीच नव्हतं. एक नातं निवडताना अनुवादकाने त्या मुलीला समाजाच्या आत ठेवलं किंवा बाहेर काढलं. यानंतर नातेव्यवस्था का शिकायची, असं कुणी विचारलं नाही.

‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ हाही भाग असाच फळला, पण इथे माझ्याकडून एक चूक झाली. ब्राउन आणि गिलमन यांच्या 1960 च्या निबंधात सर्वनामांमागे दोन शक्ती मांडल्या आहेत, सत्ता आणि जवळीक. तो समजावून मी गृहपाठ दिला: आपल्या घरात, गल्लीत कोण कुणाला काय म्हणतं याचा तक्ता करा आणि वर्गात वाचून दाखवा. पहिले तक्ते गमतीचे होते. आजी आजोबांना ‘अवं’ म्हणते, आई बाबांना ‘अहो’, बहीण नवऱ्याला नावाने हाक मारते. तीन पिढ्यांचा बदल एका पानावर. मग एका मुलाने वाचलं: त्याच्या आजोबांना, सत्तरीच्या माणसाला, गावातली वरच्या जातीची पोरं आयुष्यभर अरे-तुरे करत आली. त्याने ते शांतपणे वाचलं आणि बसला. त्यानंतर दोघींनी आपले तक्ते वाचलेच नाहीत. काहींच्या घरातली गोष्ट मी विचार न करता चव्हाट्यावर आणायला लावली होती. मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आणि वर्गाचीही माफी मागितली. आता तक्ता माझ्याकडे बंद पाकिटात येतो, आणि वाचायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. हा विषय शिकवणार असाल तर ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा.

त्याच मुलाने पुढे जातीविषयक शब्दांवरचा पाठ जवळजवळ स्वतःच चालवला. ‘कास्ट’ हा शब्द मुळात पोर्तुगीज ‘कास्टा’वरून आलेला, आणि जात व वर्ण ही दोन वेगळी बिऱ्हाडं त्या शब्दाने एका छपराखाली कोंबली. डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात जातींच्या उगमावरचा निबंध वाचला तो इंग्रजीत. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, हे त्यांचं म्हणणं. त्यातला ‘एंडोगॅमी’ हा शब्द मराठीत ‘अंतर्विवाह’ होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं आंतरजातीय विवाहाबद्दल चाललंय, म्हणजे नेमका उलटा अर्थ! वर्गाने ‘जातीतल्या जातीत लग्न’ असं साधं केलं. लांब झालं, पण चुकायला जागा उरली नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यूच्या ‘हॅबिटस’ या संकल्पनेला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. पहिल्यांदा व्याख्या सांगितली तेव्हा बावीस चेहरे कोरे. पुन्हा सुरुवात केली ती एका सरावातून. इंग्रजी कथेतल्या टॅक्सीवाल्याचे संवाद मराठीत आणायला दिले. सगळ्यांचा टॅक्सीवाला पुणेरी प्रमाण मराठी बोलत होता. मुलांच्या स्वतःच्या घरात “कुठं निघालाईसा?” असं बोलतात. एक मुलगी म्हणाली, “मी घरी ‘मी येतो’ म्हणते, आमच्याकडं बायका असंच बोलतात. वर्गात पाऊल टाकलं की ‘मी येते’ होतंय. मला कुणी सांगितलेलं नाही.” मी म्हटलं, हेच ते. कुणी न सांगता अंगात बसलेलं, आणि कुठल्या जागी काय शोभतं हे आपल्या आधी आपल्या जिभेला ठाऊक असतं. तेव्हा मागच्या बाकावरून शब्द आला, “म्हणजे अंगवळणी पडलेलं.” अंगवळण! त्यात शरीर आहे, वळण आहे. ‘घरचं वळण’ आणि ‘अक्षराचं वळण’ म्हणतो तेव्हाची सारी शिस्त त्यात आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोसने 1934 मध्ये शरीराच्या सवयींबद्दल बोलताना हॅबिटस हाच लॅटिन शब्द वापरला होता. आमच्या वर्गात हॅबिटसचं मराठी आता अंगवळण आहे, आणि मला ते कुठल्याही कोशातल्या प्रतिशब्दापेक्षा चांगलं वाटतं.

पुढे अनुवादाचा अभ्यासक डॅनिएल सिमिओनी याचा 1998 चा लेख वाचला. अनुवादकांनी शतकानुशतकं दुय्यमपण स्वतःच अंगी बाणवलं, असं तो म्हणतो. मुलांनी आपले टॅक्सीवाले पुन्हा लिहिले. सगळे सुधारले नाहीत. काहींनी प्रत्येक वाक्यात ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ पेरून नाटकातला खेडूत उभा केला. पण आता निदान प्रमाण भाषा आपोआप येत नाही, ती निवडली जाते किंवा नाकारली जाते.

जमलं नाही ते थोडक्यात. संशोधन पद्धतींना मी चार तास दिले, ते कमी पडले. मुलं मुलाखत घेतात, पण उत्तर तोंडात घालतात. समाजशास्त्रज्ञ योहान हायलब्रॉनची 1999 ची मांडणी, म्हणजे जगातल्या अनुवादांच्या व्यवहारात इंग्रजी मध्यभागी आणि बाकी भाषा कडेला, मुलांना पटली. पण ग्रंथालयातल्या कपाटांवर ती तपासायला वेळच उरला नाही. कानडीतून थेट मराठीत आलेली पुस्तकं आणि रशियन, जपानीतून इंग्रजीमार्गे आलेली पुस्तकं शेजारी ठेवून पाहायची होती. कोल्हापुरात बसून हे राहावं याची मला हळहळ आहे.

वेळेचं म्हणाल तर एका सत्रात हे बसत नाही. मला दोन लागली आणि त्यातलं अर्धं सत्र मी घालवलं. शिक्षकाला समाजशास्त्राची पदवी हवीच असं नाही, पण मूळ ग्रंथांचे निदान काही उतारे दोन-दोन अनुवादांत हाताशी हवेत. वर्गात तिसरी भाषा जाणणारा एखादा तरी असेल तर त्याला जवळ बसवा. ज्यांना नेट-सेटसाठी समाजशास्त्र हवं आहे त्यांच्यासाठी ही रीत नाही. त्यांना क्रमवार पुस्तकच लागेल.

ती प्रश्नावली आम्ही फेब्रुवारीत पुन्हा हातात घेतली. ‘समाज’ गेला. ‘तुमच्या आजूबाजूला, शेजारीपाजारी कुणी आजारी पडलं तर धावून कोण येतं?’ असा प्रश्न झाला. दोन मुली तो घेऊन मावशींकडे गेल्या. मावशींनी बोटांवर मोजत पाच बायकांची नावं सांगितली, मग थोडं थांबून सहावं सांगितलं, “आणि ती समोरची, तिचं-माझं बोलणं न्हाय, पण ती येतीया.” येत्या जुलैत पहिला तास मी या उत्तरापासून घेणार आहे.