कम्युनिटी स्कोअरकार्ड: आरोग्य केंद्राला गुण देण्याचं साधन, वापरून पाहण्याआधी

आरोग्य केंद्रातल्या गैरसोयींबद्दल वस्तीत बोललं जातच असतं. ते बोलणं केंद्राच्या दारापर्यंत आणि तिथून वरच्या कचेरीपर्यंत पोचवायचं कसं, इथे संघटनांचं घोडं अडतं. त्यासाठीच्या तयार साधनांपैकी कम्युनिटी स्कोअरकार्ड, म्हणजे लोकांनी सेवेला दिलेलं गुणपत्रक, हे चांगलंच रुळलेलं. केअर या संस्थेने ते २००२ मध्ये मलावी या आफ्रिकी देशात तयार केलं, तेही आरोग्यसेवेच्याच कामासाठी. मार्गदर्शिका मोफत मिळते. सामान म्हणाल तर मोठे कागद, मार्कर, चिकटपट्टी आणि मूठभर खडे. खर्च होतो तो वेळ. एका केंद्राची एक फेरी नीट करायची तर तयारी धरून तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. सहा महिन्यांनी त्याच केंद्रात परत जाणं जमणार नसेल, तर पहिल्या फेरीच्याही वाटेला जाऊ नये. लोकांचा विश्वास तेवढा खर्ची पडतो.

पद्धतीचे टप्पे पाच: तयारी, लोकांनी गुण देणं, कर्मचाऱ्यांनी गुण देणं, दोघांची समोरासमोर बैठक, आणि ठरलेल्या कामांचा पाठपुरावा.

तयारीत केंद्राला काय मंजूर आहे त्याची यादी मिळवायची: पदं, औषधं, यंत्रं, वेळा. या यादीपुढे साधारणपणे 'मंजूर' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन रकाने आखतात. तिसरा हवाच, 'चालू स्थितीत'. रक्तदाबाचं यंत्र रजिस्टरमध्ये असतं, टेबलावरही असतं, पण पट्टा हवा धरत नाही. दोन रकान्यांच्या यादीत हे केंद्र उत्तीर्ण होतं.

गुण देण्यासाठी १० ते १५ जणांचे गट पुरेसे. बायकांचा, पुरुषांचा आणि तरुणांचा गट वेगळा बसवावा. एकत्र बसवलं की बाळंतपणाच्या खोलीतल्या वागणुकीबद्दल कुणी तोंड उघडत नाही. प्रत्येक गटामागे दोन माणसं लागतात, एक बोलतं करायला आणि एक लिहायला. एकच माणूस दोन्ही करायला गेला तर कागदावर नुसते आकडे उरतात. निकष ८ ते १० ठेवावेत. पंधरावर गेले की शेवटच्या चारांना लोक कंटाळून पाचपैकी ३ देतात.

या साधनाचा जीव आकड्यात नाही, 'का?' या रकान्यात आहे. समजा निकष आहे 'लिहून दिलेली औषधं केंद्रातच मिळणं'. जमिनीवर १ ते ५ असे रकाने आखले आणि बारा बायकांनी एकेक खडा ठेवला. सात खडे १ वर, दोन ३ वर, तीन ४ वर. सरासरी आली जेमतेम २. पण २ च्या रकान्यात एकही खडा नाही! अशा वेळी सरासरी लिहून पुढच्या निकषाकडे वळणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ४ देणाऱ्यांना विचारलं की कळतं, त्या सकाळी जातात. १ देणाऱ्या मजुरी आटोपून दुपारी पोचतात, तोवर औषधाची खिडकी बंद झालेली असते. म्हणजे दुखणं साठ्याचं नाही, वेळेचं आहे. आणि वेळ बदलायला वरून मंजुरी यायची वाट बहुधा बघावी लागत नाही. म्हणून सरासरीबरोबर खड्यांची मांडणीही जशीच्या तशी उतरवून घ्यावी, आणि कारण बाईच्याच शब्दांत लिहावं.

कर्मचाऱ्यांची फेरी वेगळी आणि तितकीच मन लावून घ्यावी. ती टाळली तर बैठकीत त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. पाणी नसणं किंवा औषध संपणं याचा त्रास नर्सलाही रोजच होतो. तिथे दोन्ही कागदांवरचे गुण जुळले, तर तीच बैठकीची सुरुवात करावी.

समोरासमोरच्या बैठकीला तीन तास धरा आणि विषय पाचच घ्या. बसायचं गोलात, दोन पक्ष समोरासमोर नाही. निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हजर नसेल तर तारीख पुढे ढकलावी. नाहीतर केंद्रप्रमुख 'हे माझ्या हातात नाही' एवढंच सांगू शकतो, आणि ते खरंही असतं. कामांच्या तक्त्यात काय, कोण, कधीपर्यंत आणि पाठपुरावा कुणाकडे, हे चार रकाने भरल्याशिवाय उठायचं नाही. 'कोण'च्या खाली 'सर्वजण' लिहिलं असेल तर ते काम होत नाही.

एक पथ्य कडक पाळावं. पैसे मागितल्याची किंवा मारहाणीची तक्रार या कागदावर आणू नये. छोट्या जागेत नाव न लिहिताही तक्रार करणारी बाई ओळखू येते, आणि पुढच्या बाळंतपणाला तिला त्याच दारात जायचं असतं. तिची संमती घेऊन वेगळी, लेखी तक्रार करावी.

परिणामांबद्दल पुरावा संमिश्र आहे. मलावीत न्त्चेऊ जिल्ह्यातल्या तुलनात्मक अभ्यासात गरोदरपणातल्या घरभेटी आणि गर्भनिरोधकांचा वापर वाढलेला दिसला. युगांडात ५० केंद्रांवर याच धाटणीच्या लोकदेखरेखीचा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू तब्बल ३३ टक्क्यांनी घटले होते. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा उपचारांचा दर्जा आणि रुग्णांचं समाधान थोडं सुधारलं, पण मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. तेव्हा निधी देणाऱ्यांसमोर पहिला आकडा मिरवून दुसरा झाकणं बरं नव्हे. वागणूक, वेळा, स्वच्छता, रांग हे एका केंद्राच्या हातातले प्रश्न या पद्धतीने हलतात. रिकामी पदं आणि औषधखरेदी मात्र एका गुणपत्रकाने हलत नाही.

त्यासाठी दहा-पंधरा केंद्रांची गुणपत्रकं एकत्र मांडून वर जावं लागतं, आणि इथे या साधनाची खरी उणीव उघडी पडते. निकष लोकांनीच ठरवायचे असल्यामुळे प्रत्येक गावचे वेगळे होतात आणि बेरीजच करता येत नाही. यावर तोडगा असा: पाच निकष सगळीकडे शब्दशः सारखे ठेवायचे, उरलेले तीन-चार त्या त्या गावाचे. मग 'दहापैकी आठ केंद्रांत अमुक औषध महिनाभर नव्हतं' असं एका कागदावर सांगता येतं, आणि वरच्या कचेरीला ते एकट्या गावाची कुरकुर म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांना धोरण बदलायचं आहे त्यांनी हे पहिल्या दिवशीच ठरवावं, नंतर जोडता येत नाही.

सहा महिन्यांनी दुसरी फेरी घेताना जुना कागद गुंडाळीतच ठेवा. तो आधी भिंतीवर लावला की लोक मागच्या गुणांत एक वाढवून किंवा कमी करून मोकळे होतात. नवे खडे पडू द्या, कारणं लिहून होऊ द्या, मग जुना कागद शेजारी लावा आणि ज्या निकषाचे गुण घसरले तिथून बोलायला सुरुवात करा.