चहातली गोळी, श्रीखंडातली पूड आणि ‘शुगर फ्री’ काजू कतली

आमच्या घरी सासूबाई इन्सुलिनवर आणि आमचे हे गोळ्यांवर. त्यामुळे साखरेला पर्याय म्हणून साताऱ्यात मेडिकलमध्ये नि किराणा दुकानात जे जे मिळतं, ते या ना त्या निमित्ताने आमच्या ओट्यावर येऊन गेलंय. कंपन्यांची नावं घेत नाही. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लागली की पुढच्या बाजूला काय छापलंय याला फारसा अर्थ राहत नाही.

चहासाठी सुक्रालोजच्या गोळ्या, दाबली की एक पडणारी डबी. याला पैकीच्या पैकी. सुक्रालोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड असतं, म्हणून गोळीत ते कणभर आणि बाकी सगळा भराव. चहाबरोबर उकळलं तरी गोडी टिकते. अ‍ॅस्पार्टेमची गोळी मात्र आधणात टाकू नका, उकळल्यावर तिची गोडी उतरते. चहा कपात गाळल्यावर टाका. त्या डबीवर फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी इशाराही असतो. हा जन्मजात, दुर्मीळ आजार आहे, पण ज्याला आहे त्याने ती गोळी घ्यायचीच नाही.

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर होतो अशी बातमी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरली आणि आमच्या वन्सं डबी फेकायला निघाल्या. बातमी अर्धी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते ‘शक्यता आहे, पुरावा मर्यादित’ अशा गटात टाकलं होतं. त्याच वेळी खाद्यपदार्थांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. डबीवर एका गोळीतलं प्रमाण असतं, भागाकार करून बघा. वन्सं कितीही चहाबाज असल्या तरी तिथवर पोचणार नाहीत.

स्टीव्हियाचे थेंब लिंबाच्या सरबतात छान. चहात नको, मागून ज्येष्ठमधासारखी कडसर चव जिभेवर रेंगाळते. ‘नैसर्गिक’ म्हणून त्याला जे जास्तीचे पैसे लावतात ते मला पटत नाहीत.

आता पूड. चमच्याला चमचा साखरेसारखी मोजता यावी म्हणून हिच्यात बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन भरतात. ते चवीला फिकं, पण शेवटी पिष्टच, रक्तातली साखर वाढवणारं. श्रीखंडाला ही पूड चालते. मात्र साखर घातली की चक्का जसा सैल पडतो तसा हिच्याने पडत नाही, घट्टच राहतो, म्हणून चमचा-दोन चमचे दूध घालून फेटावं लागतं. गाजर हलवाही बरा होतो. तिळगुळाचं नावही काढू नका, पाकच होत नाही तर वडी कशाने धरणार? मोरंब्याचंही तेच. तिथे साखर गोडीपुरती नसते, तीच त्याला टिकवते. पुरणपोळीत पूड घालून ‘आता कितीही खा’ म्हणणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. अहो, डाळ आणि कणीक कुठे गेली?

सर्वांत कमी गुण मिठाईच्या दुकानातल्या सुट्या ‘शुगर फ्री’ काजू कतलीला. कशाने गोड केलीय विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साखर नाही काकू, बिनधास्त खा.” मी मालकांनाच विचारलं तेव्हा कळलं, माल्टिटॉल. त्यात साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त उष्मांक असतात आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते, कमी वाढते इतकंच. वर जास्त खाल्लं की पोट बिघडतं. बंद पाकिटावर तशी सूचना असते, सुट्या मिठाईवर कोण लिहिणार? आमच्या ह्यांनी रात्री टीव्हीसमोर अर्धा खोका संपवला आणि सकाळचं फिरणं रद्द केलं. त्यापेक्षा महिन्यातून एखादा सातारी कंदी पेढा, तोही जेवणाच्या हिशेबात धरून, मला जास्त प्रामाणिक वाटतो.

वजन उतरवायला या गोळ्या घेणाऱ्या माझ्या भाचीसारख्यांसाठी: वजन आटोक्यात ठेवायला यांचा वापर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवलंय. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

पण या सगळ्या डब्या जिथे कुचकामी ठरतात ती वेळ घरात सगळ्यांना ठाऊक हवी. सासूबाईंची साखर एका संध्याकाळी उतरली. हात थरथरत होते, दरदरून घाम, ग्लुकोमीटरवर ५८. धाकट्या जाऊबाई धावत गोड चहा घेऊन आल्या, पण त्या चहात रोजची गोळी! गोड लागतं जिभेला, रक्ताला त्यातून काहीच मिळत नाही. आकडा ७०च्या खाली गेला आणि माणूस शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम खरं ग्लुकोज द्यायचं, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीनेक छोटे चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना. ह्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते घेणाऱ्यांच्या पोटात आपली साधी साखर फुटायलाच वेळ लागतो, म्हणून साखर खडीसाखर नको, ग्लुकोजच. हे आम्हाला आमच्या मेडिकलवाल्या दादांनी चिठ्ठी बघताना आपणहून सांगितलं. ऑनलाइन सवलतीचा मोह होतो, पण मी अजून त्यांच्याकडेच जाते ते यामुळे.

आमच्याकडे ग्लुकोजचा डबा आता लाल झाकणाचा आहे आणि गोडीच्या डब्यांपासून लांब, फ्रिजवर असतो. गोळ्या मूळ डबीतच राहतात. सासूबाईंनी मध्यंतरी त्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरल्या होत्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच.

मागची बाजू वाचायची खोड औषधांच्या पाकिटांनाही लागली ते बरंच झालं. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. त्यावर तापाची ६५०ची वेगळी घेतली की तेच औषध दोनदा. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको, यकृतावर बेततं. शिवाय सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, ते रक्तदाब वाढवतं, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब आमच्याकडे आहेच. खोकल्याचं औषध मागताना ‘बिनसाखरेचं द्या’ म्हणता येतं, मिळतंही. फक्त ते सॉर्बिटॉलने गोड केलेलं असेल तर काजू कतलीचीच गत, म्हणून मापाच्या झाकणानेच प्यायचं, बाटलीला तोंड लावून नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या ह्यांच्यासाठी.